आमच्या पेटीची काळी तीन

५ डिसेंबर १९८८, सोमवार

एका जुन्या विद्यार्थ्यानं दिलेली ही दैनंदिनी अकरा महिने कोरी पडून होती. आज उघडली, कारण आज लिहिण्यासारखं काही घडलं. पण आधी जरा कण्हून घेतो.

काल देवगाव रंगारीला कार्यक्रम होता. जीपमध्ये आम्ही पाच जण, पेटी, ढोलकी आणि टाळांची पिशवी. पेटी माझ्या मुलाच्या, लक्ष्मणच्या, मांडीवर. तो मला तिला हातसुद्धा लावू देत नाही. "जड हाय नाना, कमरंत उसण भरंल," म्हणतो. गाणं रंगात आलं आणि माईकनं मान टाकली. सत्काराचा नारळ कडूबानं परतताना जीपच्या दांडीवर फोडून खाल्ला. कडूबा माझा पुतण्या. ढोलकी वाजवतो, पण जेवणाच्या मानानं कमीच.

हर्सूलला घरी पोचलो तेव्हा पायातले जोडे काढायलाही वाकवत नव्हतं. लक्ष्मण अंघोळ करून तसाच चिकलठाण्याला कंपनीत पहिल्या पाळीला गेला. सूनबाईनं, अंबिकेनं, स्टोव्ह पेटवला. आमची मंडळी, वच्छला, आडवी झाली ती दुपारपर्यंत उठली नाही. 'गाणारं घर' म्हणून लोक आम्हाला नावाजतात. हे गाणारं घर कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी कसं दिसतं ते एकदा येऊन बघावं त्यांनी.

तर बातमी ही. संध्याकाळी कॅसेटवाले आप्पासाहेब स्वतः घरी आले. आमची कॅसेट काढायची म्हणतात. एका बाजूला माझे अभंग, दुसऱ्या बाजूला घरच्यांची भारुडं आणि अंबिकेची घागरीची गवळण. रेकॉर्डिंग जानेवारीअखेर. मी म्हटलं, "आप्पासाहेब, त्रेसष्टाव्या वर्षी कॅसेट?" ते म्हणाले, "मास्तर, या वयात काळी तीनमध्ये गाणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दाखवा."

खरंच आहे ते. पेटीची तिसरी काळी पट्टी हा आमच्या घराचा सूर. वडील तिथूनच गायचे, मीही तिथूनच गातो. माझ्या बरोबरीचे सगळे बुवा एकेक पट्टी डावीकडं सरकत, खाली खाली येऊन बसले. मी घरात शंभरदा सांगितलंय, ज्या दिवशी काळी तीन सुटेल त्या दिवशी टाळ खाली ठेवीन.


१२ डिसेंबर

तालीम. लक्ष्मण पेटीवर बसल्या बसल्या पेंगतो. भाता हलत राहतो, बोटं थांबतात. मी त्याला एकदा शाळेतल्यासारखा खडू मारणार होतो, पण खडू कुठला आता.

आवाज मात्र झकास लागला. वरचा सूर लोण्यासारखा येतो. हे सगळं जेष्ठमधाचं देणं. तीन वर्षांपूर्वी देवगावच्या सप्ताहात माझ्या घशानं दगा दिला होता. भर मंडपात वरचा सूर फाटला. पोरं हसली. घरी आलो आणि टाळ खुंटीला टांगला. महिनाभर कोणाशी धड बोललोही नाही. मग वच्छलेनं जेष्ठमध कुटून द्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास लक्ष्मणनं पेटीही शहागंजात युसूफमियाँकडं नेऊन साफ करून आणली. एका सकाळी तो म्हणाला, "नाना, नुसतं बसून बघा की एकदा." बसलो, आणि सूर लागला! वच्छला पदर तोंडाशी धरून रडली होती.

तेव्हापासून रोज जेष्ठमध. भेटेल त्याला सांगतो मी. कोणी ऐकत नाही.


१८ डिसेंबर, रविवार

गावातल्या मारुतीच्या देवळात आग्रह झाला म्हणून दोन अभंग गायलो. पेटी देवळाचीच होती. काळी तीन धरली आणि वर जाताना घसा कोरडा पडला. खोकल्याचं सोंग करून वेळ मारून नेली. थंडी फार होती. शिवाय देवळाची पेटी चढलेली आहे, कोणी अडाण्यानं तिचे सूर वर चढवून ठेवलेत. घरी आल्यावर लक्ष्मणला सांगितलं. तो म्हणाला, "व्हय, चढलेलीच हाय ती. तुम्ही आपल्या पेटीबिगर कुठं गात नका जाऊ नाना."

पोरगं काळजी करतं. बोलत नाही, पण करतं.


२४ डिसेंबर

आप्पासाहेबांना ऐकवायला म्हणून जुनी कॅसेट शोधली. ब्याऐंशी साली रेडिओवर गायलो होतो, ते शेजाऱ्यानं टेप करून दिलं होतं. लावली तर माझा आवाज पोरासोरासारखा, उंच! टेपरेकॉर्डर जोरात पळतोय हे लगेच ओळखलं. गंमत म्हणजे ठेका होता तेवढाच वाटला. दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "यंत्रात काही खराबी नाही मास्तर." या लोकांना दुरुस्ती येत नसली की खराबी नाही म्हणतात.

वच्छलेनं ती कॅसेट उचलून ट्रंकेत घातली. "कशाला जुनं उगाळताव?" म्हणाली.


२७ डिसेंबर

आज एक कडू काम केलं.

बरेच दिवस मनात होतं. अंबिकेचा आवाज बसत चाललाय. लग्न होऊन आली तेव्हा काय गळा होता! आता घागरीची गवळण सुरू केली की पहिली ओळ विहिरीतून आल्यासारखी येते, खालचे सूर तर हवेतच विरतात. घरकाम, तालमी, रात्रीचे कार्यक्रम, दमत असेल. पण कॅसेट एकदाच निघते. ती घरोघरी वाजणार.

ती भांडी घासत होती. मी म्हटलं, "सूनबाई, तुझा आवाज उतरलाय. गवळण या खेपेला दुसऱ्या कोणाकडून घ्यावी म्हणतो."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. लक्ष्मण दारात उभा होता. त्याच्याकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं.

"व्हय मामा," म्हणाली. बस्स. परत पातेलं घासायला लागली.

लक्ष्मण आत येऊन म्हणाला, "नाना, तिचा आवाज काय उतरला नाय." मी म्हटलं, मला कान आहेत. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वच्छलेनं आतून त्याला हाक मारली. नंतर दोघांची बराच वेळ कुजबुज चालली होती. जेवताना मला अन्न गोड लागलं नाही. पण गाण्यात नातं बघून चालत नाही.


२ जानेवारी १९८९

दैनंदिनी संपली. मागं फिरून जानेवारीच्या कोऱ्या पानांवर लिहितोय. छापलेले वार चुकीचे आहेत, खोडून टाकले.

माझ्या फुलंब्रीच्या स्नेह्यांची, तात्यासाहेबांची, मुलगी भानुमती आज तालमीला आली. गाणं शिकलेली, चुणचुणीत. गवळण तिला देऊन बघितली. आणि काय सांगू, तीही विहिरीतच! दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबली. म्हणाली, "काका, पेटी खाली वाटतीय मला. ही खरंच काळी तीन आहे का?"

मी म्हटलं, "पोरी, ही पेटी तुझ्या वयाहून मोठी आहे."

लक्ष्मण एकदम उठून पाणी प्यायला गेला. कडूबा ढोलकीची दोरी ओढत बसला. त्याची ढोलकी हल्ली अशी ढब्ब वाजते, की वाटावं कोणी गादी बडवतंय. मी त्याला रोज ओरडतो, तो रोज म्हणतो, "काका, पेटीच्या सुराला लावलीया, मी काय करू?"

आजकालच्या पोरींना खालचे सूरच नाहीत, असं दिसतं. पण भानुमतीला पंधरा दिवस घासून घेईन. तात्यासाहेबांना शब्द दिलाय.


९ जानेवारी

दमलो. तालीम, तालीम. अंबिका आता गात नाही, चहा करते आणि उंबऱ्यापाशी बसते. आज भानुमती गात असताना तिचे ओठ हलत होते. मी बघितल्यावर थांबले.


१६ जानेवारी

उंदरानं पेटीचा भाता कुरतडला. तोंडावर रेकॉर्डिंग आणि पेटी दम्याच्या रोग्यासारखी सूं सूं करते. लक्ष्मणची डबल ड्यूटी. "रविवारी मी नेतो नाना, तुम्ही हात लावू नका," म्हणाला आणि सायकल हाणत गेला. रविवारपर्यंत कोण थांबतंय? उद्या मीच रिक्षानं नेतो.


१७ जानेवारी

काय लिहावं.

युसूफमियाँ दुकानातच होते. पेटी उघडली, भाता बघितला, म्हणाले, "ये तो हो जाता, चमडा बदलना पडता." मग आतल्या सुरांवर बोट फिरवत अगदी सहज विचारलं, "मास्तर, इस बार बी आधा सुर उतारना है क्या? लक्ष्मणभाई कुछ बोले नै."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "क्या उतारना?"

"हर साल जैसा. तीन दफा एकेक घर खाली सरकाया मैं. अब चौथी बार नक्को बोलो उनकू. इसके नीचे गये तो पेटी में पेटी का आवाज नै रहता, भैंस का रहता."

हसत होते बिचारे. त्यांना वाटलं, मला माहीतच आहे.

मी पेटीजवळ बसलो. म्हटलं, दुसरी एखादी पेटी द्या. त्यांनी गिऱ्हाइकाची एक पुढं सरकवली. तिची काळी तीन दाबली, मग आमची काळी तीन दाबली. तिच्यावर डावीकडं सरकत सरकत आलो. पांढरी चार. पांढरी तीन. काळी दोन. तिथं दोन्ही पेट्या एक झाल्या.

तीन वर्षांत मी एकेक पट्टी उतरत काळी दोनवर आलोय. बोट काळी तीनवर, सूर काळी दोनचा. आणि जेष्ठमध खातोय.

दुकानातून बाहेर पडलो आणि शहागंजच्या घड्याळाखाली बसून राहिलो. चहा मागवला, तो तसाच निवला. आधी संताप आला. वाटलं, घरी जावं आणि एकेकाला उभं करून विचारावं, मला काय भातुकलीतलं पोर समजलात? मग लाज वाटायला लागली. भेटेल त्याला जेष्ठमधाचं सांगत हिंडलो. देवळाच्या पेटीला नावं ठेवली. कडूबाला ओरडलो.

आणि मग अंबिका आठवली. तिचा आवाज उतरला नव्हताच. मी उतरलो, आणि तिला माझ्याबरोबर विहिरीत ओढली. तीन वर्षं ती त्या खालच्या सुरात गात राहिली आणि शेवटी मीच तिला सांगितलं, तुझा आवाज गेला. एका वाक्यात ती मला गप्प करू शकली असती. 'व्हय मामा' म्हणाली आणि पातेलं घासलं.

मला रडू आलं. शहागंजात, दिवसाढवळ्या. एक फळवाला विचारायला आला, बरं आहे ना.

परत दुकानात गेलो. युसूफमियाँना म्हटलं, सगळे सूर जिथले तिथं बसवा, पूर्वीसारखे. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. आता त्यांना उमगलं असावं. "मास्तर, गलती हो गयी मेरे से," म्हणाले. मी म्हटलं, "नै, तुमसे नै."


१७ जानेवारी, पुन्हा

लक्ष्मण आला आणि पेटीची जागा रिकामी बघून पांढराफटक पडला.

"पेटी कुठं हाय?"

"शहागंजात."

"तुम्ही नेली? युसूफमियाँ काय म्हणले?"

"चामडं बदलावं लागतं म्हणाले."

"अजून?"

"अजून काय? तुझी विचारपूस केली."

त्यानं श्वास सोडला. मी पेपर तोंडापुढं धरला. तेहेतीस वर्षांचा बाप्या, कपाळावर घाम, अजून कंपनीचे कपडेही बदलले नव्हते. त्याच्यावर रागवायचं मी दुपारी ठरवलं होतं. जमलं नाही.


२२ जानेवारी, रविवार

फुलंब्रीला जाऊन आलो. तात्यासाहेबांना सांगितलं, गवळण घरातच राहील, चूक माझी. ते गंभीर झाले. भानुमती मात्र चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "काका, वहिनींनाच द्या. त्या दिवशी उंबऱ्यात बसून त्या गुणगुणत होत्या, ते मी ऐकलं." सगळ्यांना ऐकू येत होतं. कान आहेत म्हणणारा मी एकटाच.

घरी एवढंच सांगितलं की भानुमतीला जमणार नाही. पेटी यायची आहे, तोवर तालीम बंद, सगळ्यांनी झोपा काढा. कडूबानं हे मनावर घेतलं.


२९ जानेवारी, रविवार

रेकॉर्डिंग झालं.

पेटी काल आणली. मी तिच्यावर चादर टाकून ठेवली आणि कोणाला उघडू दिली नाही. आज मीच ती उचलून रिक्षात ठेवली. लक्ष्मण धावला, त्याला म्हटलं, जड नाही.

स्टुडिओ म्हणजे एक बिनखिडक्यांची खोली, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. आवाज नको म्हणून पंखा बंद. सगळ्यांनी एकदम गायचं, एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. आप्पासाहेब काचेपलीकडून म्हणाले, "हं मास्तर, अभंग घेऊ."

मी म्हटलं, "आधी सूनबाईची गवळण."

अंबिकेच्या हातातले टाळ वाजले. "मामा, माझा आवाज…"

"तुझ्या आवाजाला काही झालेलं नाही. ऊठ, माईकपाशी बस. लक्ष्मण, काळी तीन."

लक्ष्मणनं पट्टी दाबली. दाबली आणि त्याचं बोट तिथंच राहिलं. त्यानं पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी ढोलकीकडं तोंड वळवलं. कडूबा खुशीत येऊन दोरी ताणायला लागला, ढोलकी कशी टणटणीत बोलली. वच्छला खाली मान घालून बसली होती.

अंबिकेनं सूर घेतला. पहिल्या ओळीला जरा बिचकली, जसं अंधारातून उन्हात आल्यावर माणूस थांबतं. दुसऱ्या ओळीला ती घागर घेऊन वर चढली, आणि मी तिला लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं होतं ते सगळं परत आलं. तीन वर्षं ती होती तिथंच होती. अंतऱ्यावर कडूबा भान विसरून "वाऽ!" ओरडला आणि सगळं वाया गेलं. आप्पासाहेबांनी कपाळावर हात मारला. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदाही तिनं तसंच गायलं, उलट जास्तच मोकळं. मी मागं बसून टाळ धरला आणि तिच्या ओळी उचलल्या. वर जाता येईना तिथं नुसता टाळ वाजवला.

ती उठली तेव्हा माझ्या पाया पडायला वाकली. मी म्हटलं, "नको पोरी. मीच…" ती म्हणाली, "मामा, पाणी घ्या," आणि तांब्या पुढं केला.

मग आप्पासाहेबांचा आवाज आला, "आता मास्तर तुमचं. काळी तीनच ना?"

लक्ष्मण पेटीवर वाकला होता. त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते. वच्छलेनं पदराचं टोक हातात घट्ट पिळलं होतं. टाळ माझ्या हातात होता, आणि तो खाली ठेवायचं मी शंभरदा सांगितलेलं होतं.

मी म्हटलं, "लक्ष्मण, काळी दोन दे."

त्याचं बोट सवयीनं काळी तीनवर गेलं. थांबलं. मग डावीकडं सरकलं. सूर तोच होता, रोजच्या तालमीतला, माझ्या ओळखीचा. लक्ष्मणचे डोळे भरले होते आणि त्याला पुसता येत नव्हते, कारण एक हात भात्यावर आणि एक पट्ट्यांवर.

"नाना…" म्हणाला.

"वाजव," मी म्हटलं. "टेप फिरतीय."


३० जानेवारी

अंग ठणकतंय. सगळं घर अजून झोपलंय. कोणी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

वच्छला उठली, स्वयंपाकघरात गेली आणि खलबत्ता हातात घेऊन दारात उभी राहिली.

"जेष्ठमध कुटू, का राहू द्यावा आता?"

मी म्हटलं, "कुट. गोड लागतो."